अंधारातला दशावतार आणि ईएल वायर: उजेड नको, रेघ हवी

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवी ते सातवीच्या दहा मुलांचा दशावतार पूर्ण अंधारात बसवायचा आहे. मुलं दिसू नयेत, मासा, कासव, वराह असे आकार प्रकाशाच्या रेघांनीच उमटावेत. त्यासाठी एलईडी पट्टी बरी की ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसंट), म्हणजे वीज दिली की लांबीभर उजळणारी लवचिक वायर? कपड्याला ती कशी बसवायची? बॅटरी कोणती घ्यायची? आणि मुलांना शॉक तर बसणार नाही ना?

ईएल वायरच घ्या. एलईडी पट्टी जास्त उजेड देते, पण तिचा उजेड ठिपक्याठिपक्यांचा असतो आणि तो आजूबाजूला सांडतो. पट्टी लावलेल्या मुलाचा हात, मान, काळ्या कपड्याच्या सुरकुत्या असं सगळंच दिसू लागतं. मग प्रेक्षकांना मासा दिसत नाही, दिवे लावलेला मुलगा दिसतो. ईएल वायर लांबीभर सारखी उजळते, चहूबाजूंनी दिसते, गरम होत नाही आणि तिचा उजेड इतका मंद असतो की शेजारचं कापडही धड उजळत नाही. दुसऱ्या कुठल्या कामात हा दोष ठरला असता, तुमच्या कामात तोच गुण आहे. फक्त त्यासाठी सभागृह खरोखर काळोखं करता आलं पाहिजे. मैदानावर मांडव असेल आणि कडेला हॅलोजन पेटलेला असेल, तर हा बेत सोडा आणि सरळ एलईडीकडे वळा.

या वायरच्या पोटात काय असतं ते आधी सांगतो, कारण पुढच्या बहुतेक सूचना त्यावरच उभ्या आहेत. मधोमध तांब्याची तार असते. तिच्यावर फॉस्फरचा थर, म्हणजे तांब्याचा किंचित अंश मिसळलेलं झिंक सल्फाइड. त्या थराभोवती केसासारख्या बारीक दोन तारा पिळून नेलेल्या असतात आणि वर प्लास्टिकचं आवरण. मधली तार आणि त्या केसतारा यांच्यामध्ये प्रत्यावर्ती, म्हणजे एसी विद्युतदाब दिला की मधला थर उजळतो. जॉर्ज देस्त्रिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३६ साली हा परिणाम नोंदवला, तेव्हा त्याने झिंक सल्फाइडची भुकटी एरंडेल तेलात कालवली होती. वायरच्या रूपात ती बाजारात आली त्यानंतर अनेक दशकांनी.

दोन पेन्सिल सेलमधून मिळते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, तीही जेमतेम ३ व्होल्ट. वायरला लागते साधारण १०० ते १२० व्होल्ट एसी, सेकंदाला हजार-दोन हजार आवर्तनं करत दिशा बदलणारी. हा बदल करणारी छोटी डबी म्हणजे ड्रायव्हर किंवा इन्व्हर्टर. वायरबरोबर मिळते ती हीच. घरच्या प्लगमध्ये ५० हर्ट्झची २३० व्होल्ट वीज असते. तिचा आणि या वायरचा काही संबंध नाही, हे मदतीला येणाऱ्या प्रत्येक उत्साही पालकाला आधीच बजावून ठेवा.

शॉकचं खरं उत्तर: अखंड वायर हातात धरली तर काही होत नाही. कापलेलं टोक उघडं राहिलं आणि त्याला घामट कातडी लागली, तर चांगला चटका बसतो. प्रवाह फारच कमी असतो, त्यामुळे निरोगी माणसाला सहसा इजा होत नाही. पण अंधारात, रंगमंचावर, दहा-अकरा वर्षांच्या मुलाला अचानक चटका बसला तर ते दचकून दुसऱ्यावर आदळेल. म्हणून प्रत्येक टोक बंद करायचं आणि वायर व अंग यांच्यामध्ये कापडाचा एक थर ठेवायचा, यात सूट नाही. लहान मुलांच्या अंगावर सुटे लिथियम सेलही मी बांधत नाही. एए आकाराचे साधे पेन्सिल सेल पुरतात.

आता खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे चौकशी करा, ऑनलाइन तर मिळतेच. गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात डॅशबोर्डच्या फटीत बसवायची म्हणून विकतात तीही पुष्कळदा हीच वायर असते, पण तिथे दोन गोष्टींनी फसगत होते. ‘निऑन’ म्हणून दाखवतात ती कधी सिलिकॉनच्या आवरणातली जाड एलईडी पट्टी निघते, तर कधी एका टोकाला एलईडी बसवलेली नुसती पारदर्शक नळी. दुकानातच पेटवून पाहा. ईएलचा ड्रायव्हर कानाशी धरला की बारीक ‘चींऽऽ’ असा आवाज येतो. दुसरी अडचण अशी की गाडीसाठीचा ड्रायव्हर १२ व्होल्टचा असतो. तो चालवायला आठ सेल लागतील आणि एवढं वजन मुलाच्या कमरेला नको. दोन सेलवर चालणारा ड्रायव्हर मागा. यूएसबीवर चालणारेही मिळतात, पण ही वायर इतका कमी प्रवाह ओढते की काही पॉवर बँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून आपोआप बंद पडतात. तोच मार्ग घ्यायचा असेल तर ती पॉवर बँक आधी सलग अर्धा तास चालवून पाहा.

जाडी २.३ मिलिमीटरची सगळीकडे मिळते आणि ती छान वळते. मात्र शेवटच्या रांगेतून ती फार बारीक दिसते. ५ मिलिमीटरची ठळक दिसते, पण कडक असल्यामुळे कपड्यावर न लावता सांगाड्यावर लावायची. बाह्यरेषेला २.३च्या दोन वायरी एकमेकींना खेटून आणि आतल्या तपशिलाला एकच, असं केलं की आकार दुरून वाचता येतो.

रंगाचं असं आहे की फॉस्फर मुळात निळसर हिरवाच उजळतो. बाकीचे बहुतेक रंग आवरणातल्या रंगद्रव्याने काढलेले असतात आणि त्या बदलात उजेड खर्ची पडतो. म्हणून निळसर हिरवा सर्वांत तेजस्वी, आणि लाल व जांभळा मंद. परशुरामाला लाल द्यायचा मोह होईल. द्या, पण तो शेजारच्या मत्स्यापुढे फिका पडेल हे धरून चाला, नाहीतर त्याची वायर दुहेरी करा. मासा, कासव आणि कृष्णाचं मोरपीस यांना मूळचा निळसर हिरवाच शोभतो.

कापड काळं आणि बिनचमकीचं घ्या. सॅटिनवर वायरीचं प्रतिबिंब पडतं आणि एका रेघेच्या दोन दिसतात. काळे हातमोजे, काळे मोजे, तोंडावर काळी जाळी लागेलच. मुलांना जाळीतून दिसतं का आणि श्वास नीट घेता येतो का, हे पहिल्या तालमीतच पाहून घ्या.

आकार काढताना शिंप्यासारखा नव्हे, चित्रकारासारखा विचार करा. हौशी लोक अंगाची पूर्ण बाह्यरेषा काढतात, म्हणजे हाताच्या दोन्ही कडा, पायाच्या दोन्ही कडा. वायर दुप्पट लागते आणि नाचताना सगळा गुंता दिसतो. हातापायाला मधोमध एकच रेघ पुरे. पाठीवर काहीच लावू नका. मग मुलाने पाठ फिरवली की अवतार अदृश्य होतो, आणि हा परिणाम तुम्हाला बटण न दाबता, फुकट मिळतो.

मत्स्य, कूर्म, वराह हे मात्र अंगाच्या आकारात बसवू नका. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सची लाइटवायर थिएटर ही मंडळी हलके सांगाडे करून अंगावर चढवतात आणि त्यांवर ईएल वायर लावून पशुपक्षी उभे करतात. तुम्हीही विजेच्या फिटिंगची बारीक पीव्हीसी नळी आणि काळा फोम यांतून एवढं सहज करू शकाल. मासा मुलाच्या छातीपुढे आडवा, दोन्ही हातांनी धरलेला. शेपटीचा तुकडा वेगळा ठेवून कापडी बिजागरीने जोडला की तो खरोखर पोहतो. वामनाकडे मी सगळ्यांत जास्त लक्ष देईन, कारण या तंत्राला तो प्रसंग आयता मिळालेला आहे: छोटा वामन पाऊल उचलतो, विझतो, आणि त्याच क्षणी मागे उंच धरलेला त्रिविक्रमाचा सांगाडा पेटतो. नववा अवतार बुद्धाच्या रूपात दाखवा किंवा आपल्याकडच्या जुन्या चित्रांप्रमाणे विठोबाच्या. विठोबा घेतलात तर कटीवर ठेवलेल्या हातांची ती ठेवण चार रेघांत ओळखू येते, हा फायदा आहे. कल्कीच्या घोड्याला दोन मुलं लागतील, तेव्हा दहाची अकरा करा.

लांबी अंदाजाने धरू नका. पोशाख मुलाला घालून खडूने रेघ आखा आणि रेघेवर सुतळी ठेवून मोजा. एका अवताराला साधारण ३ ते ५ मीटर लागतात. ड्रायव्हर त्या मापाचा घ्यावा लागतो. त्याच्यावर ‘३ मीटर’, ‘५ मीटर’ असं लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नाही. ही वायर विजेच्या दृष्टीने एक लांबलचक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक आहे आणि ड्रायव्हर तिच्या लांबीशी जुळवून घेऊन चालतो. वायर जास्त लावली तर सगळीच मंद होते. फार कमी लावली तर भडक पेटते, पण तिचं आयुष्य घटतं. वायर न जोडता नुसता ड्रायव्हर चालू ठेवला तर तो जळू शकतो. दुकानातून आणलेली डबी ‘चालते का बघू’ म्हणून मोकळी सुरू करायची नाही, ती यासाठी. एका ड्रायव्हरवर तीन-चार तुकडे चालवायचे असतील तर ते समांतर जोडायचे. त्यासाठी तयार फाटे मिळतात.

आता टाके. वायर कापडाला धरून ठेवायला सर्वांत चांगला दोरा म्हणजे मासे पकडायचा बारीक तंगूस. दिसत नाही, तुटत नाही. दर दोन सेंटीमीटरला वायरीवरून आडवा टाका घ्यायचा, वळणावर अर्ध्या सेंटीमीटरला. सुई वायरीतून जाता कामा नये आणि टाका इतका आवळायचा नाही की आवरण दबेल. वायरीला थोडं सरकायला मोकळीक हवी. कडेला कापडी झालर असलेली वायर मिळाली तर मशीनवर चेन लावायचा पाय बसवून पायपिंगसारखी शिवता येते. हे झटपट होतं, पण सरळ रेघांनाच बरं. डिंकाच्या भानगडीत पडू नका. ग्लू गनचा डिंक प्लास्टिकच्या आवरणाला नीट धरत नाही, दोन गिरक्यांत सुटतो. झटकन चिकटणारे गोंद वायर कडक करतात आणि तिथेच ती मोडते. सांगाड्यावर मात्र काळे प्लास्टिकचे बंद चालतात, फक्त फार आवळू नका.

कोपर आणि गुडघा ही वायरीच्या मोडण्याची ठरलेली ठिकाणं. एकदा वाकवून तशीच ठेवली तर ती वर्षानुवर्षं टिकेल, पण त्याच जागी शे-दोनशे वेळा दुमडली की आतल्या केसतारा तुटतात आणि त्यापुढचा भाग अंधारतो. म्हणून सांध्यावरून सलग वायर नेऊच नका. दंडाची रेघ कोपराच्या चार बोटं वर संपवा, हाताची खाली सुरू करा आणि मधलं अंतर काळ्या, लवचिक, साध्या वायरीने कापडाच्या आतून जोडा. प्रेक्षकाचा डोळा तो खंड आपोआप भरून काढतो. नेमकी किती जागा सोडायची हे मुलाला हात पूर्ण वाकवायला लावून ठरवा. जिथे वायर असूनही दिसायला नको तिथे ती कापडाच्या आत घाला किंवा वर काळी टेप गुंडाळा, कारण ही वायर मधलीच तेवढी विझवता येत नाही.

आणि आता जोड. पोशाख ऐनवेळी बंद पडतात त्यांतले बहुतेक जोडात किंवा टोकात बंद पडतात, म्हणून इथे वेळ घालवा. बाहेरचं रंगीत आवरण दीड-दोन सेंटीमीटर काढा. ब्लेड हलक्या हाताने गोल फिरवायचं आणि आवरण नखाने ओढून काढायचं. वायर सोलायची पकड वापरली की केसतारा सहज तुटू शकतात. आत आणखी एक पारदर्शक आवरण असेल तर तेही तसंच. मग पांढुरक्या गाभ्यावर त्या दोन केसतारा दिसतील. दिवसाच्या उजेडात, गरज पडली तर भिंग घेऊन, त्या सोडवा आणि मागे वळवून आवरणावर टाका. त्यांच्यावरून तांब्याची चिकटपट्टी एक वेढा गुंडाळा. गाभ्याच्या शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरवरचा फॉस्फर खरवडून लख्ख तांबं दिसू द्या. आता एक वायर गाभ्याला सोल्डर करायची, दुसरी तांब्याच्या पट्टीला, केसतारांना त्यात धरून. पट्टीवर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, खालचं प्लास्टिक वितळतं. आधी गाभ्याच्या जोडावर बारीक हीट श्रिंक नळी (तापवली की आकसून घट्ट बसणारी) चढवा, मग सगळ्यावर मोठी. ड्रायव्हर जोडण्यापूर्वी मल्टीमीटर बीपवर ठेवून नुकत्याच जोडलेल्या दोन्ही वायरींना लावा. बीप वाजला तर आत कुठेतरी तांबं तांब्याला टेकलं आहे. तो जोड कापून पुन्हा करायचा.

दुसरं, मोकळं टोक तीन-चार मिलिमीटर ताज्या धारेने सरळ कापा, केसतारा गाभ्याला टेकलेल्या नाहीत ना ते पाहा, आणि आत डिंक असलेली हीट श्रिंक नळी टोकापुढे थोडी जास्त ठेवून तापवा, गरम असतानाच तिचं तोंड चिमटून बंद करा. यामुळे चटका टळतोच, शिवाय दमटपणा आत शिरत नाही. फॉस्फरला ओलावा सोसत नाही. मुंबई-कोकणच्या हवेत आणि नाचणाऱ्या पोराच्या घामात उघडं टोक काळवंडायला वेळ लागत नाही.

सोल्डरिंग कुणालाच येत नसेल, तर जोडलेले तयार तुकडेच घ्या. थोडे महाग पडतील आणि लांबी मनासारखी मिळणार नाही. उरलेली लांबी आत दुमडून ठेवा, पण ती विळखा घालून, करकचून घडी घालून नव्हे. जोड कुठलाही असो, त्याच्या दोन्ही बाजूंना वायर कापडाला टाक्यांनी पक्की बांधा, म्हणजे ताण टाक्यांवर येईल, जोडावर नाही.

ड्रायव्हरची डबी कमरेच्या पट्ट्यात, मागे, फोमच्या पाकिटात ठेवा. तिचा ‘चींऽऽ’ आवाज तालमीत शांततेत डोकं उठवतो, गाणं लागलं की ऐकू येत नाही. निवेदन करणाऱ्या मुलाच्या कॉलरला बिनतारी माइक असेल तर त्याच्यापासून ड्रायव्हर दूर ठेवा, नाहीतर स्पीकरमध्ये घरघर येऊ शकते. चालू-बंदसाठी बटण सेल आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये टाका. पलीकडच्या शंभर-सव्वाशे व्होल्टच्या बाजूला टाकू नका. डबीवर तीन अवस्था असतात: सतत, लुकलुक, बंद. एकच बटण दाबत दाबत त्या फिरतात, आणि गडबडीत वामन विझण्याऐवजी लुकलुकू लागतो. त्यापेक्षा अवस्था ‘सतत’वर पक्की करून सेलच्या वायरीत साधं सरकबटण घाला आणि ते मुलाच्या तळव्याशी आणा. मात्र बरेच ड्रायव्हर वीज गेली की बंद अवस्थेतच परततात, म्हणजे सरकबटण पुन्हा लावलं तरी पेटत नाहीत. घेतानाच हे तपासा.

दूरनियंत्रण कसं असतं ते २०१२ साली गाजलेल्या जपानच्या रेकिंग क्रू ऑर्केस्ट्रा या नर्तकांच्या कामात दिसतं. त्यांचे पोशाख संगीताबरहुकूम बाहेरून चालू-बंद होत होते. तसं करायला प्रत्येक पोशाखात बिनतारी यंत्रणा लागते, आणि एकाच ड्रायव्हरवरचे काही तुकडे विझले की उरलेल्यांचा उजेड बदलतो, हेही सांभाळावं लागतं. शाळेच्या कार्यक्रमाला हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं ताल मोजून बटण उत्तम दाबतात.

पोशाख धुवायचा प्रश्न येणारच. वायर मूळ कपड्यावर न शिवता काळ्या बिनबाह्यांच्या जाकिटावर आणि वेलक्रोच्या पट्ट्यांवर शिवा. मूळ टी-शर्ट-लेगिंग रोज धुता येतात, वायरीचा थर नुसता ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचा. तो घडी घालून पिशवीत कोंबू नका, हँगरला टांगा.

सभागृहात रंगमंचाच्या कडेला आणि विंगेच्या तोंडाशी अंधारात चमकणारी चिकटपट्टी लावा, प्रेक्षकांच्या बाजूने दिसणार नाही अशी. जाळीतून बघणाऱ्या मुलाला कड कळायलाच हवी. बाहेर पडण्याच्या दारांवरचे दिवे मात्र बंद करायचे नाहीत, कितीही खटकले तरी. सगळ्यात मोठा उपद्रव आई-बाबांच्या मोबाइलचा: एक फ्लॅश उडाला की काळा सांगाडा, नळ्या, टाके सगळं उघडं पडतं. निवेदकाने आधीच विनंती करावी, आणि शाळेने स्वतः काढलेली चित्रफीत सर्वांना द्यायचं कबूल करावं. नुसत्या विनंतीने कुणी मोबाइल खिशात ठेवत नाही. ती चित्रफीत काढणाऱ्याला एक्स्पोजर हाताने पक्कं करायला सांगा. आपोआपवर सोडलं तर कॅमेरा काळोख उजळवायला जातो आणि रेघा पसरट पांढऱ्या दिसतात.

रंगीत तालीम पूर्ण काळोखात, नव्या सेलांवर करा आणि प्रयोगाच्या दिवशी सेल पुन्हा नवे घाला. विंगेत एका जागत्या माणसाकडे दोन तयार ड्रायव्हर, सेल, काळी टेप, तंगूस ओवलेली सुई आणि लाल कागद लावलेला टॉर्च द्या. वायर पूर्ण विझली असेल तर आधी सेल, मग ड्रायव्हर बदलून पाहायचा. निम्मीच पेटत असेल तर केसतारा तुटल्या आहेत, तिथे काही होणार नाही. विझलेला भाग तसाच सोडा आणि मुलाला पाठवा.